विली लोमनचे सुविचार

माझी मामेबहीण इंग्रजी घेऊन बी.ए. करते आहे. तिच्या अभ्यासक्रमात आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' आहे. हे नाटक माझ्या जिवाभावाचं आहे हे घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे परीक्षेच्या आधी ती गाईड घेऊन माझ्याकडे आली. "दादा, यातली ही बारा कोटेशन्स आली की झालं. फक्त एकदा समजावून दे." बारा वाक्यं. प्रत्येकाखाली 'अर्थ', 'महत्त्व' आणि 'थीम'. मी विचारलं, "अगं पण नाटक वाचलंस का?" यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जशी आमच्या टीममधली नवी पोरं 'मॅन्युअल वाचलंत का' असं विचारल्यावर पाहतात.

तिच्यावर माझा राग नाही. पोरीला मार्क हवेत आणि पेपर काढणाऱ्याला वाक्यं हवीत. राग आहे तो त्या बारा वाक्यांवर. म्हणजे वाक्यांवर नाही, ती एकेक भारी आहेत. राग आहे तो कात्रीवर. ही कात्री फक्त गाईडवाल्यांच्या हातात आहे असंही नाही. नेटवर शोधा, 'महत्त्वाची अवतरणे व स्पष्टीकरण' अशी पानंच्या पानं मिळतील. आता तर मशीनला विचारलं तरी ते अर्ध्या मिनिटात तीच वाक्यं त्याच क्रमाने ओकतं.

आणि हे फक्त कॉलेजपुरतं असतं तर मी शनिवारची सकाळ घालवली नसती. आमच्या ऑफिसात एकदा 'सॉफ्ट स्किल्स' शिकवायला एक ट्रेनर आले होते. नेटवर्किंगचं महत्त्व वगैरे. तिसऱ्या की चौथ्या स्लाईडवर मोठ्या अक्षरात एक इंग्रजी वाक्य. अर्थ असा, की लोकांना आवडत राहिलात तर तुम्हाला कशाची ददात पडणार नाही. खाली नाव, आर्थर मिलर. मला हसू फुटलं, बाकी कोणालाच नाही. अहो, ते वाक्य मिलरचं नाही, विली लोमनचं आहे! आणि विली लोमन ते ज्या आयुष्याच्या जोरावर बोलतो त्या आयुष्यात ददातीशिवाय दुसरं काही नाही. हे म्हणजे सुईच्या अग्राएवढीही जमीन देणार नाही हे दुर्योधनाचं म्हणणं, खाली 'महर्षी व्यास' असं लिहून रिअल इस्टेटच्या जाहिरातीत छापण्यासारखं आहे.

तर आज मी एक पथ्य पाळणार आहे. या नाटकातलं एकही वाक्य जसंच्या तसं देणार नाही. ती वाक्यं तुम्हाला कुठेही मिळतील. मी फक्त एवढंच सांगणार, की कोण बोललं, कोणाला बोललं आणि समोरच्याने काय उत्तर दिलं. निषेध म्हणा हवं तर.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विली लोमन, वय 63, ब्रुकलिनमध्ये राहतो. न्यू इंग्लंडच्या भागात गाडीतून फिरून माल विकणारा सेल्समन. कोणता माल विकतो हे मिलर शेवटपर्यंत सांगत नाही. बायको लिंडा, दोन मुलगे, बिफ आणि हॅपी. दोघेही तिशी ओलांडलेले आणि दोघांचंही धड काही झालेलं नाही. विलीला आता गाडी चालवणं झेपत नाही, तो स्वतःशी मोठ्याने बोलतो, भूतकाळातली माणसं त्याच्यासमोर येऊन उभी राहतात. एका रात्री तो अर्ध्या वाटेतून घरी परततो आणि दुसऱ्या रात्री मुद्दाम गाडी ठोकून मरतो, विम्याचे 20,000 डॉलर बिफला मिळावेत म्हणून. 10 फेब्रुवारी 1949 ला न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये पहिला प्रयोग, दिग्दर्शक एलिया कझान, विलीच्या भूमिकेत ली जे. कॉब. 742 प्रयोग झाले. त्याच वर्षीचं पुलित्झर मिळालं. असो, हे सगळं गाईडमध्ये आहेच.

गाईडमध्ये ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही ते म्हणजे नाटकाचं उपशीर्षक. मिलरने नावाखाली लिहिलंय की ही दोन अंकांतली आणि एका रिक्विएममधली काही खाजगी संभाषणं आहेत. रिक्विएम म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, इथे दफनानंतरचा छोटा प्रवेश. पण माझा भर 'संभाषणं' या शब्दावर आहे. लेखक स्वतः पहिल्या पानावर सांगतोय की बाबांनो, ही बोलणी आहेत, एकाने दुसऱ्याशी केलेली, चार भिंतींच्या आत. आणि आपण काय करतो, तर त्यातला एकच माणूस उचलतो, दुसऱ्याला कापतो आणि खाली 'भांडवलशाहीवर भाष्य' असं लिहून मोकळे होतो.

आमच्या धंद्यात याला फार सोपं उदाहरण आहे. रात्री दोनला सर्व्हर पडतो. तुम्ही लॉग फाईलमध्ये 'एरर' हा शब्द ग्रेप करता. एक ओळ मिळते. नवशिका ती ओळ घेऊन पळत सुटतो, जुना माणूस त्या ओळीच्या आधीच्या वीस आणि नंतरच्या वीस ओळी बघतो. कारण एरर जिथे छापली जाते तिथे ती घडलेली नसते. कोणी कोणाला कॉल केला, काय परत आलं, हे बघितल्याशिवाय त्या ओळीला काडीचा अर्थ नाही. नाटकाचंही तेच आहे, फक्त इथे सर्व्हरऐवजी माणूस पडतो.

आता उदाहरणं घेऊ. सगळ्यात लाडकं वाक्य आधी. विली म्हणतो की इतके रस्ते, इतक्या गाड्या, इतक्या भेटीगाठी, इतकी वर्षं, आणि शेवटी माणसाची किंमत जिवंतपणी असते त्यापेक्षा मेल्यावर जास्त. प्रत्येक यादीत हे आहे. स्पष्टीकरण काय, तर 'व्यवस्थेने माणसाला वस्तू बनवलं'. बरं. पण हे तो बोलतो कोणाला? शेजारी राहणाऱ्या चार्लीला, चार्लीच्या ऑफिसात. कशासाठी गेलाय? विम्याचा हप्ता भरायला 110 डॉलर मागायला. आणि चार्ली यावर लगेच उत्तर देतो! त्याच्या रोखठोक, अशिक्षित वाटणाऱ्या इंग्रजीत तो म्हणतो, की विली, मेलेल्या माणसाची किंमत शून्य. एवढंच म्हणून थांबत नाही. क्षणभराने विचारतो, मी काय म्हणालो ते ऐकलंस का? विली नुसता उभा असतो, तंद्रीत. चार्ली पुन्हा हाक मारतो.

मी शपथेवर सांगतो, मी जेवढ्या याद्या पाहिल्या त्यातल्या एकीतही चार्लीचं उत्तर नव्हतं. म्हणजे बघा, नाटकात विलीने जे उत्तर ऐकलं नाही तेच उत्तर आपणही ऐकत नाही. मिलरने ऐकलंस का हा प्रश्नसुद्धा लिहून ठेवलाय आणि आपण विलीसारखेच तंद्रीत उभे. विलीचं वाक्य हा त्याचा निष्कर्ष आहे, नाटकाचा नाही. नाटकाचं म्हणणं काय असेल ते त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे. एका माणसाने दुसऱ्याला जीव वाचवणारी गोष्ट सांगितली आणि ती पोचली नाही. आता यातून सोयीस्करपणे पहिलं वाक्य उचलून टी-शर्टवर छापणं म्हणजे, माफ करा, पण आत्महत्येच्या चिठ्ठीला सुविचार म्हणण्यासारखं आहे.

दुसरं वाक्य संत्र्याचं. हे तर घोषणेसारखं वापरलं जातं. माणूस म्हणजे काही फळ नव्हे, की गर खाल्ला आणि साल फेकून दिली, असं विली त्याच्या मालकाला, हॉवर्डला सुनावतो. युनियनच्या फलकावर शोभेल असं आहे, आणि माझीही सहानुभूती विलीकडेच आहे, उगाच गैरसमज नको. कुठल्याही ले-ऑफच्या बातमीखाली हे वाक्य टाकलं की शंभर लोक मान डोलावतात. पण पूर्ण प्रवेश वाचा. वाक्यापेक्षा त्यातले आकडे जास्त बोलतात.

विली आलाय फिरतीचं काम सोडून न्यूयॉर्कमध्येच नोकरी मागायला. सुरुवात करतो आठवड्याला 65 डॉलरपासून. हॉवर्ड हं हं करतो. मग विली 50 वर येतो. मग 40 वर. कोणी खाली खेचलेलं नाही, समोरच्याने आकडाही उच्चारलेला नाही, हा आपणच आपला भाव पाडत जातो. आयुष्यभर माल विकणारा माणूस स्वतःला विकताना असा घसरतो. बरं, संत्र्याचं वाक्य बोलताना तो म्हणतो की या कंपनीत मी 34 वर्षं घातली. लिंडा आदल्या रात्री मुलांना म्हणालेली असते 36. कोण बरोबर, मिलर सांगत नाही. आणि त्या थोर वाक्यानंतर लगेच विली काय म्हणतो? 1928 साली माझं कमिशन आठवड्याला सरासरी 170 डॉलर होतं. हॉवर्ड म्हणतो, नव्हतं रे, एवढं कधीच नव्हतं. विली टेबलावर हात आपटतो.

म्हणजे खऱ्या अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस त्याच दमात थाप मारतोय. कात्रीवाल्यांना हे नको असतं. त्यांना एक तर शोषित कामगार हवा किंवा थापाड्या हवा. दोन्ही एकाच श्वासात असलेला माणूस परीक्षेच्या उत्तरात बसत नाही ना.

आणि आता पुढचं. यानंतर विली चार्लीकडे जातो. चार्ली त्याला नोकरी देऊ करतो, आठवड्याला 50 डॉलर, फिरती नाही. जे 65 मागून 40 पर्यंत येऊन हॉवर्डकडे भीक मागितली, त्याच्यापेक्षा 10 डॉलर जास्त, हातात आयते. विली नाही म्हणतो. का? मला विचाराल तर अख्ख्या नाटकाची चावी या नकारात आहे. हॉवर्डकडून 40 चालतील कारण ती सेल्समनची नोकरी, तिथे आपण कोणीतरी होतो अशी कहाणी शिल्लक राहते. चार्लीकडून 50 घेतले की ती कहाणी संपली. मात्र चार्लीकडून उसने घ्यायला हरकत नाही, ते तो दर आठवड्याला घेतो आणि घरी पगार म्हणून देतो. आता याचं 'अवतरण' कोणतं देणार? नाहीये. हा नकार कुठल्याच चमकदार वाक्यात सांगितलेला नाही. म्हणून याद्यांमध्ये तो नाही. म्हणून पोरं नाटक 'करतात' आणि त्यांना चावीच सापडत नाही.

हॉवर्डच्या प्रवेशात अजून एक गोष्ट आहे, तिच्यावर थोडं रेंगाळतो कारण मी पडलो यंत्रवाला माणूस. विली आत येतो तेव्हा हॉवर्ड नव्या खेळण्यात रमलेला असतो. वायर रेकॉर्डर, म्हणजे टेपच्या आधीचं, तारेवर आवाज साठवणारं यंत्र. किंमत 150 डॉलर. म्हणजे विली शेवटी ज्या 40 डॉलरवर येतो तसे जवळजवळ चार आठवडे. त्यात हॉवर्डच्या पोरांचे आवाज आहेत, मुलगा अमेरिकेतल्या राज्यांच्या राजधान्या घडाघडा म्हणून दाखवतोय. विलीला स्वतःचं बोलणं सुरूच करू दिलं जात नाही, यंत्राचं बोलणं आधी. हॉवर्ड बाहेर गेल्यावर विलीचा चुकून धक्का लागतो, यंत्र सुरू होतं आणि राजधान्या पुन्हा सुरू. विली घाबरून ओरडतो, त्याला ते बंद करता येत नाही. हॉवर्ड धावत येऊन प्लग काढतो.

समोर माणूस नसताना वाजत राहणारी वाक्यं, थांबवता न येणारी, उत्तराची वाट न पाहणारी. 1949 मध्ये मिलरने हे यंत्र स्टेजवर ठेवलं आणि त्याला बघून त्याचा नायक किंचाळला. आपण त्याच नाटकाची वाक्यं घेऊन नेमकं तेच यंत्र बनवलं, आणि कोणाला काही वाटतसुद्धा नाही.

आता लिंडा. लक्ष दिलंच पाहिजे असं सांगणारं तिचं वाक्य तर इंग्रजीत वाक्प्रचारासारखं झालंय, ज्यांना नाटकाचं नाव माहीत नाही असे लोकही वापरतात. स्पष्टीकरणात काय असतं? 'लिंडा समाजाला आवाहन करते की सामान्य माणसाकडे लक्ष द्या.' चूक! लिंडा समाजाबिमाजाला काही म्हणत नाही. घरात मध्यरात्रीच्या सुमारास, स्वतःच्या दोन मुलांना म्हणते. बिफने नुकतंच म्हटलंय की बाबांना काही कॅरेक्टर नाही, चार्ली असं कधी वागला नसता. यावर ती चवताळते, म्हणते मग चार्लीलाच बाप करून घे. आणि मग ते प्रसिद्ध भाषण. ते आईने मुलांना झाडलंय. 'समाज' हा शब्द घुसडला की मुलं सुटतात, आणि वाचणाराही सुटतो. समाजाने लक्ष द्यावं याला कोणाची ना आहे? बापाकडे तू लक्ष दे म्हटलं की मात्र खुर्चीत चुळबुळ होते.

आणि याच प्रवेशात थोडं पुढे ती सांगते की विली जीव द्यायचा प्रयत्न करतोय. तळघरात फ्यूज बॉक्सच्या मागे तिला रबराची नळी सापडली आहे. मग ती काय करते? रोज ती नळी काढून ठेवते आणि तो घरी यायच्या वेळी पुन्हा होती तिथे लावते. कारण आपल्याला कळलंय हे त्याला समजलं तर त्याचा अपमान होईल!

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं पहिल्यांदा. लक्ष द्या असं ओरडणारी बाई लक्ष देते आहे, सगळं तिला दिसतंय, आणि तरी नळी जागेवर ठेवते आहे. हे प्रेम आहे की भ्याडपणा? मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवता येत नाही यातच मिलरचं मोठेपण आहे. पण यादीत वाक्य आहे, नळी नाही. वाक्य एकटं घेतलं तर लिंडा देवी होते. नळी धरून घेतली तर ती माणूस होते, तुमच्या आमच्या घरातल्यासारखी, ज्या घरांमध्ये बाबांना वाईट वाटेल म्हणून काय काय बोललं जात नाही हे ज्याचं त्याला ठाऊक.

मुलांनी लक्ष किती दिलं तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापाला जेवायला घेऊन जातात, दोन पोरी भेटतात, आणि बापाला हॉटेलच्या स्वच्छतागृहात भूतकाळाशी बडबडत असलेला सोडून निघून जातात. जाताना हॅपी त्या पोरीला सांगतो की तो माझा बाप नाहीच, असाच कोणीतरी आहे. हे त्या प्रसिद्ध वाक्याचं उत्तर. चोवीस तासांच्या आत आलेलं.

इथे तुम्ही म्हणाल, की अरे पण मिलरनेच अशी वाक्यं लिहिली ना? कोरीव, ठसठशीत, कापून घ्यावीत अशी? मान्य. लिंडाचं ते वाक्य ब्रुकलिनच्या स्वयंपाकघरातलं वाटत नाही, न्यायालयातलं वाटतं. मिलरला उपदेशाची खोड होती, आणि रिक्विएममध्ये तर ती जरा जास्तच दिसते असं माझं मत आहे. शिवाय त्याच फेब्रुवारी महिन्याच्या 27 तारखेला त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक निबंध लिहिला, की राजेरजवाड्यांइतकाच सामान्य माणूसही शोकांतिकेचा नायक होऊ शकतो. म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही होतंच. पण बघा ना, जे सरळ सांगायचं होतं ते त्याने निबंधात सांगितलं. जे सरळ सांगता येत नव्हतं त्यासाठी नाटक लिहिलं आणि प्रत्येक भाषणासमोर एक माणूस उभा केला. ऐकणारा किंवा न ऐकणारा.

जाता जाता एक गंमत. नाटकाला सुविचार चिकटवायची हौस फार जुनी आहे. 1951 मध्ये कोलंबिया कंपनीने यावर फ्रेडरिक मार्चला घेऊन सिनेमा काढला. आणि सेल्समन मंडळी दुखावतील या भीतीने एक छोटी फिल्मही बनवली, सेल्समनचा पेशा किती छान आणि समाधानाचा आहे हे सांगणारी, मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला. मिलर भडकला आणि त्याने कडाडून विरोध केला. आमच्या त्या ट्रेनरचे पूर्वज हेच असावेत :)

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रवेश. शेवटच्या रात्री बिफ बापाला खरं सांगतो. ती रबरी नळी टेबलावर ठेवतो. मी चोर आहे, प्रत्येक चांगली नोकरी मी चोरी करून घालवली, मी तासाला एक डॉलर लायकीचा माणूस आहे. आणि मग ते यादीत हमखास असणारं वाक्य, की माझ्यासारखे पैशाला पासरी मिळतात आणि तुमच्यासारखेही. गाईडमध्ये: 'बिफला आत्मज्ञान होते. तो भ्रामक अमेरिकन स्वप्न नाकारतो.'

झालं. पूर्णविराम. पुढचा प्रश्न.

पुढे काय होतं? विली गरजून नाकारतो, आपलं आणि मुलाचं नाव घेऊन सांगतो की आपण असेतसे नाही. बिफ त्याच्या अंगावर जातो. आणि मग त्याच्यातला जोर संपतो, तो बापाला धरून ढसाढसा रडायला लागतो, विनवतो की मला आता जाऊ द्या, ते खोटं स्वप्न जाळून टाका, काही घडायच्या आत. विली चकित होऊन बघत राहतो. बिफ वर निघून गेल्यावर तो म्हणतो काय, तर पोराला मी आवडतो! तो माझ्यासाठी रडला! आणि त्याच दमात, हा पोरगा मोठं नाव काढणार. हातात 20,000 डॉलर आल्यावर तर नक्कीच.

बघा काय झालं ते. या नाटकातलं सगळ्यात खरं बोलणं बापाच्या कानात शिरताना प्रेम म्हणून शिरलं, आणि ते प्रेम गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडलं. बिफने खरं सांगितल्यामुळे विली वाचला नाही, तर त्या रात्री, त्या उत्साहात, तो मरायला निघाला. बिफचा हेतू त्याला सोडवण्याचा होता. त्या वाक्याने ज्ञान झालंच असेल तर ते आपल्याला, थिएटरात बसलेल्यांना. ज्याला सांगितलं त्याला काहीही झालं नाही. आता असं वाक्य 'आत्मज्ञान' या शीर्षकाखाली कापून ठेवायचं आणि त्या वाक्याने काय केलं ते सांगायचंच नाही, याला माझ्या भाषेत विश्लेषण म्हणत नाहीत. आउटपुट न बघता कोड रिव्ह्यू करण्याचा प्रकार आहे हा.

रिक्विएमबद्दल थोडंच. चार्लीचं कबरीजवळचं भाषण, या माणसाला कोणी दोष देऊ नका, सेल्समनला स्वप्न बघावंच लागतं वगैरे, हे बहुतेक ठिकाणी नाटकाचा निकाल म्हणून देतात. अहो, तो दफनविधी आहे! मेलेल्याच्या उशाशी माणसं जसं बोलतात तसं तो बोलतोय. हाच चार्ली आधी विलीला म्हणाला होता की जगात तुझ्याकडे फक्त तेवढंच आहे जेवढं तू विकू शकतोस, आणि सेल्समन असून तुला हे कळत नाही. जे. पी. मॉर्गन कोणाला आवडायचा, असंही त्याने विचारलं होतं. आंघोळीच्या हमामात तो खाटकासारखा दिसला असता, पण खिसे अंगावर आले की सगळ्यांना आवडायचा. हा खरा चार्ली. कबरीवरचा चार्ली दयेपोटी कविता करतोय. आणि ती कविता कोणाला ऐकवतोय? बिफला, ज्याने आत्ताच म्हटलंय की बाबांची स्वप्नंच चुकीची होती. शेजारी हॅपी आहे, त्याचं तिसरंच, की स्वप्न बरोबर होतं आणि मी ते पूर्ण करून दाखवणार. म्हणजे कबरीपाशी तीन पुरुष आणि तीन निकाल. गाईडवाल्याने त्यातला एक निवडला, कारण त्याला पाच मार्कांचं उत्तर हवं होतं.

मला विचाराल तर या प्रवेशातलं खरं बोलणं वेगळंच आहे, आणि ते कुठल्या यादीत मी पाहिलेलं नाही. विलीला वाटायचं की आपल्या अंत्ययात्रेला मेन, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायरहून माणसं लोटतील. कोणी आलेलं नाही. लिंडाला काही समजत नाहीये. ती हिशोब सांगते आहे, की पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच सगळं फिटत आलं होतं, त्याला फक्त थोडासा पगार हवा होता, दातांच्या डॉक्टरचे पैसेसुद्धा देऊन झाले होते. चार्ली म्हणतो, फक्त थोडासा पगार असा कोणालाच नको असतो. लिंडा म्हणते, मला समजत नाही.